कापडाचा वीस की भरल्यावरचा वीस? अंगाच्या मापाचा लांब लोड शिवून घेताना

"वैनी, कापडाचा वीस सांगताय का भरल्यावरचा वीस?"

सांगलीतल्या एका गादीवाल्या मामांनी मला हे विचारलं, तेव्हा मी दुसऱ्यांदा लोड शिवायला टाकत होते. पहिल्या वेळी, दुसऱ्या एका दुकानात, हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता आणि मलाही तो सुचला नव्हता. परदेशात तयार मिळणारी बॉडी पिलो ५४ बाय २० इंचांची असते असं वाचलं होतं, तेच माप चिठ्ठीवर लिहून दिलं. हातात आला तो बाराएक इंच जाड, ठासून भरलेला ओंडका. मला सहावा महिना चालू होता. त्याच्यावर गुडघा ठेवला की मांडी टांगल्यासारखी व्हायची, कंबर पिळवटायची आणि सकाळी आधीपेक्षा जास्त दुखायचं. तो लोड शेवटी सोप्यात पाठ टेकायला गेला.

त्यानंतर घरातल्या, नात्यातल्या, शेजारच्या दहा-बारा जणांचे लोड मी मापं घेऊन करून दिले. खोळ मी शिवते, भरायला दुकानात देते. पहिल्यांदाच करून घेणाऱ्याची झोप आणि पैसे वाया जाऊ नयेत म्हणून मी कसं माप घेते ते क्रमानं लिहिते आहे. लोड म्हणजे बैठकीतला टेकायचा नव्हे, तर कुशीवर झोपल्यावर छातीपासून घोट्यापर्यंत मिठीत घ्यायचा लांब लोड.

पहिलं: डोकं लोडावर ठेवणार की नाही

लांबी, जाडी, भरण, सगळं या एका प्रश्नावर ठरतं, म्हणून सुरुवात इथून.

डोकंही त्याच लोडावर ठेवायचं असेल तर तो डोक्यापासून घोट्यापर्यंत जायला हवा. तयार मालात ५४ इंच सर्रास दिसतात ते त्यामुळेच. पण मग अडचण येते. कुशीवर झोपल्यावर मान सरळ राहायला डोक्याखाली दबून साधारण चार-पाच इंच उंची लागते. गुडघ्यांमध्ये लागणारी उंची वेगळी असते. एकाच जाडीचा लोड दोन्हीकडे क्वचितच जमतो.

माझं मत स्पष्ट आहे. डोक्याला आपली रोजची उशी ठेवा आणि लोड हनुवटीखाली सुरू करा. लोड आठ-दहा इंचांनी आखूड होतो, कापूस कमी लागतो, उचलायला हलका पडतो आणि मानेचं दुखणं मागे लागत नाही. पुढची सगळी मापं मी याच पद्धतीनं देते.

दुसरं: आधी वाकळ गुंडाळा

दुकानात जायच्या आधी घरातली एक जुनी वाकळ, म्हणजे गोधडी, घ्या. वाकळ नसेल तर दोन सोलापुरी चादरी चालतील. लांबीच्या बाजूनं घट्ट गुंडाळी करा आणि चार ठिकाणी नाडीनं किंवा जुन्या ओढणीनं बांधा. ही गुंडाळी मिठीत घेऊन दोन रात्री झोपा. एका रात्रीत कळत नाही, कारण पहिल्या रात्री कुठलीही नवी वस्तू एकतर फार छान वाटते नाहीतर नकोशी होते.

पहिल्या रात्रीनंतर जाडी बदला. गुडघे फार लांब गेल्यासारखे वाटले, वरचा पाय बधिर झाला, तर एक चादर काढा. वरचा गुडघा खाली घसरून गादीला लागत असेल, तर एक चादर वाढवा. दुसऱ्या रात्रीनंतर जी गुंडाळी बरी वाटली तिलाच टेप लावा: लांबी किती, आणि झोपलेल्या माणसाच्या गुडघ्यांमध्ये ती दबून किती उरते.

पोटुशी बाई असेल तर तिला एकटीला हे जमणार नाही. आई, सासू, नवरा, कुणीतरी शेजारी बसून टेप धरावा. सासूबाईंनी माझं माप घेतलं तेव्हा मी कुशीवर होते आणि त्या जमिनीवर बसून पाटीवर आकडे लिहीत होत्या. उभं राहून आरशासमोर घेतलेल्या मापाला इथे काही अर्थ नाही. का, ते लांबीच्या पायरीत येईल.

तिसरं: लांबी आडव्यानं मोजा

माझी उंची ५ फूट २ इंच. उभ्यानं मोजलं तर हनुवटीपासून घोट्यापर्यंत ५० इंच भरतात. पण झोपेत कुणी काठीसारखं सरळ पडत नाही. गुडघे पुढे येतात, कंबर थोडी वाकते. तशीच मी कुशीवर पडले आणि सासूबाईंनी चादरीला हनुवटीपाशी एक सेफ्टी पिन आणि घोट्यापाशी दुसरी लावली. मी उठल्यावर दोन पिनांमधलं अंतर मोजलं: ४१ इंच. उभ्या मापात आणि आडव्या मापात नऊ इंचांचा फरक. पहिल्या लोडाचं जास्तीचं टोक असंच माझ्या पायापलीकडे पडून असायचं आणि रात्री नवऱ्याला लागायचं.

तर कृती अशी: नेहमी जसे झोपता तसे झोपा, पिना लावा, अंतर मोजा आणि त्यात चार इंच मिळवा. दोन्ही टोकं भरताना थोडी निमुळती होतात, तिथे आधार मिळत नाही. चार इंच त्यासाठी. माझं माप झालं ४५. पाच फूट दहा इंच उंचीच्या माझ्या भावाचं आडवं माप ४७ आलं, त्याला ५१ चा लोड केला.

घोट्याशी काटकसर करू नका. लोड गुडघ्याखाली संपला की पावलाचं वजन खाली लोंबतं, मांडी आतल्या बाजूला वळते आणि कमरेवर ताण तसाच राहतो. गुडघा आणि घोटा दोन्ही लोडावर एकाच उंचीला हवेत. वयस्क माणसाला मिठी नको असते, फक्त पायाचा आधार हवा असतो. त्यांना मांडीच्या मध्यापासून घोट्यापर्यंत तीस-एक इंचांचा आखूड लोड पुरतो आणि रात्री बाथरूमला उठताना तो पायात येत नाही. मिरजेला जाऊन खुब्याचं किंवा गुडघ्याचं ऑपरेशन करून आलेलं घरात कुणी असेल, तर मात्र माझं माप बाजूला ठेवा. पायांमध्ये उशी ठेवायची का, कुठे आणि किती जाड, हे ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच शिवायला टाका.

चौथं: जाडी, जिथे सगळे चुकतात

आता मामांच्या प्रश्नाकडे.

उशीसारखी, म्हणजे दोन पदर शिवलेली सपाट खोळ भरली की फुगते आणि अरुंद होते. सपाट वीस इंच रुंद खोळीचा घेर होतो चाळीस इंच. ती ठासून भरली की गोल होते, आणि चाळीस इंच घेराच्या गोलाची जाडी येते पावणेतेरा इंचांच्या आसपास. माझा ओंडका बारा इंचांचा का झाला, ते मला मामांनी कापडाच्या चिंधीवर खडूनं गोल काढून दाखवलं तेव्हा कळलं. शाळेतलं २२/७ त्या दिवशी उपयोगी पडलं.

लक्षात ठेवायला सोपा हिशोब: सपाट खोळ भरल्यावर हवी असलेल्या जाडीच्या दीडपटीपेक्षा थोडी जास्त रुंद ठेवायची. भरून सात इंच हवे तर सपाट अकरा. आठ हवे तर साडेबारा. नऊ हवे तर चौदा, दहा हवे तर सोळाला थोडं कमी. सैल भरलेली खोळ गोल होत नाही, चपटी राहते, तिला हा हिशोब लागत नाही. पण सैल भरलेला लोड आधार देत नाही, नुसता सोबत करतो. ज्यांना फक्त काहीतरी मिठीत हवं असतं त्यांना तो आवडतो आणि त्यात काही चुकीचं नाही. त्यांनी वीस इंच खुशाल घ्यावेत.

आता सात हवे की नऊ, हे कसं ठरवायचं? वाकळेच्या गुंडाळीनं ते आधीच सांगितलेलं असतं. कुशीवर झोपल्यावर वरची मांडी गादीला समांतर राहील, इतकं अंतर दोन गुडघ्यांमध्ये लागतं. खुबे जितके रुंद तितकं ते जास्त. मी मोजलेल्या माणसांत ते चार ते सहा इंचांत आलं. हे दबलेलं माप आहे, न दबलेली जाडी त्याहून जास्त धरायची. किती जास्त, ते आत काय भरणार यावर आहे. मऊ फायबर पायाच्या वजनानं खूप दबतं, म्हणून पाच इंच अंतराला आठ इंच जाडी. कापूस कमी दबतो, त्याला साडेसहा-सात पुरे. हाच हिशोब उलटा धरला, म्हणजे आठ इंच जाडीत कापूस ठासला, तर पुन्हा माझा पहिला ओंडका तयार.

बैठकीच्या लोडासारख्या दोन्ही टोकांना गोल चकत्या असलेल्या लोडाचं माप वेगळं. तिथे जाडीच्या २२/७ पट, म्हणजे तिपटीहून थोडं जास्त कापड घ्यायचं, शिवणीला एक इंच वेगळा. नऊ इंच जाडीला घेर सव्वाअठ्ठावीस, शिवणीसह सव्वाएकोणतीस धरा. चव्वेचाळीस इंची पन्ह्याच्या (रुंदीच्या) कापडात बाजूला जी पट्टी उरते तिच्यातच दोन्ही चकत्या निघतात. या लोडाची लांबी कमी होत नाही. उशीसारख्या सपाट टोकांच्या खोळीची लांबी मात्र भरल्यावर दोन-तीन इंचांनी आकसते, ती आधीच वाढवून कापा.

पाचवं: आत काय

सांगलीचा एप्रिल-मे ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको, अंगाशी धरलेली वस्तू किती तापते. फोमचा लोड आकार छान धरतो, पण मी उन्हाळ्यात कुणाला सुचवत नाही. घाम जिरत नाही, पाठ-पोट चिकट होतं.

कापूस थंड वाटतो, आधार चांगला देतो. पण बसतो. दोन-तीन महिन्यांत जाडी एखादा इंच कमी होते आणि वर्षा-दोन वर्षांनी पिंजून घ्यावा लागतो. पावसाळ्यात ओल धरतो, गोळे होतात. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वर-पाटणच्या बाजूला, जिथे महिनोन्‌महिने धुकं घरात येतं, तिथल्या माझ्या मावसबहिणीला मी कापसाचा लोड करून दिला आणि श्रावणात त्याला वास मारायला लागला. तिच्याकडे आता फायबर आहे. वजनाचाही विचार करा. ४५ इंच लांब, आठ इंच जाड लोडाला फायबर सव्वा किलोच्या आसपास लागतं, कापूस त्याच्या दुप्पट. नवव्या महिन्यात कूस बदलताना तो लोड एका हातानं उचलून दुसऱ्या बाजूला घ्यायचा असतो. अडीच किलो तेव्हा फार वाटतात.

सावरीचा कापूस मिळाला तर तो माझा सगळ्यात आवडता. हलका, मऊ आणि ओल कमी धरणारा. पण त्याचे तंतू इतके बारीक आणि निसरडे की साध्या मांजरपाटातून बाहेर येतात आणि नाकात जातात. त्याला घट्ट विणीचंच कापड हवं. भरताना दुकानदारसुद्धा तोंडाला फडकं बांधतात.

महापुराचंही मनात येतं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, पाणी ओसरल्यावर भिजलेल्या कापसाच्या गाद्या रस्त्याकडेला ढिगांनी पडल्या होत्या. नदीकाठच्या घरात राहत असाल तर एकानं चटकन उचलून माडीवर नेता येईल एवढाच मोठा आणि धुवून वाळेल असाच लोड घ्या.

सहावं: कापड

आतली खोळ मांजरपाटाची किंवा गादीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाची, आणि वरून काढता-घालता येणारा अभ्रा, असे दोन थर ठेवा. एकाच थरात भागवलं तर धुणं अवघड होतं. ४५ इंच लांब लोड घरच्या मशीनमध्ये धड फिरत नाही.

कोरं सुती कापड आधी रात्रभर भिजवून, वाळवून, मगच कापा. कापड पाच टक्के आटलं तर ५४ इंचांत जवळपास पावणेतीन इंच गेले. खोळीचं एकवेळ चालेल, ती रोज धुतली जात नाही. अभ्रा मात्र पहिल्याच धुण्याला आटतो आणि मग लोडावर चढत नाही. इचलकरंजी आणि विटा दोन्ही जवळ, मागावरचं सुती कापड आपल्याकडे चांगलं आणि रास्त मिळतं. सांगलीत हरभट रोडला कापड घ्यायला गेलात तर दुकानदाराला पन्हा किती ते विचारा आणि सोबत आणलेल्या टेपनं स्वतः मोजा.

अभ्रा खोळीपेक्षा एक इंच मोठा ठेवा. चेन टोकाला लावू नका, लांब बाजूला लावा, निदान तीन फुटी. टोकाच्या चेनीतून लांब लोड आत सारताना दोन माणसं लागतात. बाळंतिणीच्या घरी तेवढा वेळ कुणाला असतो?

जपानी चित्रांचे छापील अभ्रे मागवणारी कॉलेजची मुलंही हल्ली विचारतात. त्यांचं माप सेंटिमीटरमध्ये असतं, १५० बाय ५० किंवा १६० बाय ५०. म्हणजे सपाट ५९ बाय पावणेवीस इंच, किंवा ६३ बाय पावणेवीस. इथे अंगाचं माप गौण, अभ्र्याचं माप मुख्य. आतली खोळ त्याच मापाची किंवा इंचभर मोठीच शिवा, नाहीतर चित्रावर सुरकुत्या पडतात. शिलाईचा टेप ६० इंचांवर संपतो, तेव्हा १६० वाल्यांनी खूण करून दोनदा मोजावं.

सातवं: पलंग

चार बाय सहाच्या पलंगावर दोन माणसं आणि लोड मावत नाहीत, हे लग्न झालेल्या प्रत्येकीला लोड घरी आल्यावर कळतं. ४८ इंचांत आठ इंच लोडाचे गेले की दोघांना वीस-वीस उरतात. इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचे, दोन्ही बाजूंनी वेढणारे लोड तर त्याहून खूप जास्त जागा खातात. ते सहा बाय सहाच्या पलंगावर किंवा खाली गादी घालून झोपणाऱ्यांनीच घ्यावेत. जागा कमी असेल तर जाडी आणि लांबी कमी करू नका, डॉक्टरांची हरकत नसेल तर चार महिने खाली गादी घाला.

पहिलं बाळंतपण माहेरी होणार असेल तर लोडही बरोबर जाणार. मधे घडी पडेल असा मऊ भरलेला लोड एसटीच्या रॅकवर मावतो, ठासलेला मावत नाही. माप पाचव्या महिन्यात घ्या, पण पोटाच्या बाजूला जागा सोडा. पोटाखाली आधार हवा असेल तर त्यासाठी लोड जाड करू नका, पाचरीच्या आकाराची छोटी उशी वेगळी शिवा. शेवटच्या तीन महिन्यांत उताणं न झोपता कुशीवर झोपायला डॉक्टर सांगतात, आणि झोपेत उताणं वळू नये म्हणून पाठीशीही काहीतरी हवं असतं. तिथे साधी वाकळ पुरते.

आणि बाळ आल्यावर हा लोड बाळाच्या अंथरुणात ठेवायचा नाही. कडेला अडसर म्हणूनसुद्धा नाही. तान्ह्याचं तोंड मऊ उशीत दाबलं गेलं तर त्याला मान फिरवता येत नाही, श्वास कोंडतो. आपल्याकडे बाळाच्या दोन्ही बाजूंना लोड लावायची सवय आहे, म्हणून मी हे प्रत्येक घरी बसून सांगते.

आठवं: चिठ्ठी आणि कच्चा टाका

दुकानात तोंडी सांगू नका. चिठ्ठीवर असं लिहा: "लांबी भरल्यावर ४५ इंच. जाडी भरल्यावर ८ इंच, गोल. फायबर, मऊ भरणे, ठासू नये. वजन करून घेणार. एक टोक कच्च्या टाक्यानं बंद करणे." "भरल्यावर" या शब्दाखाली रेघ ओढा.

लोड न्यायला जाल तेव्हा तो दुकानातल्या फळीवर आडवा ठेवून टेप लावा. मग मधोमध कोपर टेकवून अंगाचा भार द्या. खाली फळी लागली तर भरण कमी आहे, कोपर आत जातच नसेल तर जास्त. काट्यावर वजन बघून तेही चिठ्ठीवर लिहून ठेवा, पुन्हा भरायची वेळ आली की उपयोगी पडतं.

कच्चा टाका घालून घ्यायचा तो यासाठी की पहिल्या आठवड्यात भरण बसतं आणि अंगही आपलं म्हणणं सांगतं. घरी आठ रात्री झोपा. गुडघे दूर वाटले तर टाका उसवून दोन मुठी फायबर काढा आणि पिशवीत जपून ठेवा, टाकू नका. महिन्याभरात लोड बसला की तेच परत भरता येतं. घोट्याकडची बाजू लवकर दबते, तेव्हा टाका त्याच टोकाला ठेवायला सांगा. माप जमलंय अशी खात्री झाली की दाभणानं पक्का टाका घाला.